घर आणि हिशेब : आधी नोंद, मग तार

मुले परदेशी स्थायिक झाली, की आईवडिलांचे वर्षही दोन देशांत वाटले जाते. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीकडील कितीतरी घरांतून आज कोणी ना कोणी अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नातवंडांपाशी चार-सहा महिने राहून येते. परतल्यावर तेथील बर्फाचे, रस्त्यांचे आणि दुकानांचे वर्णन होते. परंतु बाहेर रक्त गोठवणारी थंडी असताना घरात सदऱ्यावर वावरता येते ते कशामुळे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर दिवाणखान्याच्या भिंतीवरील तळहाताएवढ्या एका पेटीत असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. ही पेटी बिघडल्यास ती बदलावी कशी, आणि बदलताना कोणती चूक करू नये, याचा विचार या वेळी करावयाचा आहे. त्यासाठी मिनेसोटा राज्यातील एका घरचा प्रसंग उपयोगी पडेल.

मिनिआपोलिस शहराजवळच्या त्या घरी सांगलीकडचे एक दांपत्य सुनेच्या बाळंतपणासाठी गेले होते. अण्णांनी साखर कारखान्यात पस्तीस वर्षे हिशेबनीस म्हणून काम केले होते. परक्या देशात मात्र त्यांना आपण निरुपयोगी झाल्यासारखे वाटे. गाडी चालवता येत नाही, दुकानात एकट्याने जाता येत नाही, फोनवरचे इंग्रजी कानाला समजत नाही. आईंना निदान स्वयंपाकघर आणि नातू होता. अण्णांच्या वाट्याला खिडकी आणि पांढरे अंगण एवढेच आले होते.

जानेवारीतील एका संध्याकाळी घर गार पडू लागले. मुलगा कामानिमित्त टेक्सासला गेलेला. बर्फामुळे त्याचे परतीचे विमान रद्द झालेले. बाहेर उणे आठ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापाने शून्याखाली सुमारे बावीस अंश. भिंतीवरच्या पेटीने आतले तापमान ६१ दाखवले, म्हणजे जेमतेम सोळा अंश सेल्सिअस. पडद्यावर 'हीटिंग चालू' अशी अक्षरे होती, परंतु तळघरातील फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, मूक होती. दुरुस्ती करणाऱ्या कंपनीने दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची वेळ दिली. घरात चार महिन्यांचे मूल होते.

सुनेने व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला गाठले. त्याने तिला काही गोष्टी क्रमाने पाहण्यास सांगितल्या. फर्नेसची हवेची जाळी स्वच्छ होती. फर्नेसचे पत्र्याचे दार नीट बसलेले होते; ते सैल असल्यास आतील सुरक्षा-बटण वीज तोडते आणि भट्टी सुरू होत नाही. आतला छोटा दिवा कोणताही बिघाड दाखवत नव्हता. पेटीचा पडदा उजळलेला होता, आणि त्या घरची पेटी सेलवर नव्हे तर फर्नेसकडून येणाऱ्या विजेवर चालत होती. अर्थात वीज भिंतीपर्यंत पोहोचत होती. परंतु तापमानाचा आकडा वाढवला की पेटीतून जो बारीक 'टिक' आवाज येतो, तो येत नव्हता. मागणी पडद्यावर उमटत होती, भट्टीपर्यंत जात नव्हती. दोष पेटीतच असावा, असा निष्कर्ष निघाला. सुदैवाने मुलाने शरद ऋतूतील सवलतीत नवी पेटी घेऊन कपाटात ठेवलेली होती.

येथे क्षणभर थांबून ही पेटी करते काय ते पाहिले पाहिजे. आपल्या घरच्या इस्त्रीत एक द्विधातू पट्टी असते. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. उष्णतेने एक धातू अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीज तुटते. इस्त्री निवाली की पट्टी सरळ होते आणि वीज पुन्हा जुळते. गीझर आणि फ्रीजमध्येही तापमान पाहून वीज जोडणारी-तोडणारी अशीच योजना असते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट तत्त्वतः याहून निराळा नाही. तो स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. खोली ठरलेल्या अंशाखाली गेली की तो दोन तारा एकत्र जोडतो आणि खोली उबदार झाली की सोडतो. जुन्या पेट्यांत हे काम धातूची पट्टी करी. आजच्या पेट्यांत ते इलेक्ट्रॉनिक संवेदक आणि एक बारीक रिले करतो. पडदा, इंटरनेट, वेळापत्रक हा सारा नंतरचा थाट आहे. मूळ काम एका बटणाचे आहे.

या बटणाचा इतिहासही याच थंड प्रदेशातला. मिनेसोटाच्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर येथील एका अध्यापक विद्यालयात वॉरेन जॉन्सन हे प्राध्यापक होते. तेथे शिपायाने वर्गावर्गांत शिरून तापमान पाहायचे आणि मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमी-जास्त करायच्या, अशी रीत होती. त्यात शिकवण्याचा वारंवार खोळंबा होई. त्यावर उपाय म्हणून जॉन्सन यांनी खोलीतून तळघराला विजेने सूचना देणारे साधन तयार केले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्याच दशकात मिनिआपोलिसमध्ये आल्बर्ट बुट्झ यांनी कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप उघडणारे यंत्र बनवले. त्यांनी सुरू केलेल्या उद्योगातूनच पुढे हनीवेल ही कंपनी आकाराला आली. १९५३ मध्ये तिने हेन्री ड्रायफस यांच्या आरेखनातील गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला आणि तो अमेरिकेतील असंख्य घरांच्या भिंतींवर विराजमान झाला. अशा जुन्या गोल पेट्यांत काचेच्या नळीत पारा असतो. पारा विषारी असल्याने तशी पेटी कचऱ्यात टाकू नये. ती न फोडता घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे सोपवावी.

आता तारांकडे वळू. अमेरिकेतील बहुतेक घरांत फर्नेसमधील एक लहान ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टची वीज २४ व्होल्टवर आणतो आणि ती बारीक तारांनी भिंतीवरील पेटीपर्यंत येते. पेटीच्या मागे इंग्रजी अक्षरांच्या खुणा असतात. आर ही वीज घेऊन येणारी तार. डब्ल्यू ही उष्णता मागणारी. वाय ही उन्हाळ्यात गारवा मागणारी. जी ही पंख्याची. सी ही परतीची सामायिक तार. नव्या पेट्यांचा पडदा अखंड चालू राहण्यासाठी बहुधा तिची गरज लागते. आर आणि डब्ल्यू जुळल्या की भट्टी पेटते. सारा व्यवहार एवढाच. काही पेट्यांत आरच्या दोन खुणा असतात, आरएच आणि आरसी, आणि त्यांमध्ये एक आखूड जोडतार असते. नव्या पेटीत ती जोडणी बहुधा आतच केलेली असते. तिच्या पुस्तिकेत पाहून खात्री करावी.

ताराही साधारणपणे अक्षराला साजेशा रंगाच्या वापरतात. आरला लाल, डब्ल्यूला पांढरी, वायला पिवळी, जीला हिरवी, सीला निळी किंवा काळी. परंतु ही केवळ रूढी आहे. तार कोणत्या खुणेवर लावायची हे त्या दिवशी काम करणाऱ्या कारागिराने ठरवलेले असते. एखादी तार तुटली असेल, लांबीला कमी पडली असेल किंवा नवी सोय करताना मोकळी तार वापरली असेल, तर रंग आणि अक्षर यांची फारकत होते. तांब्याला आपल्या आवरणाचा रंग ठाऊक नसतो.

त्या घरी सुनेने प्रथम फर्नेसजवळचा विजेचा खटका बंद केला आणि मुख्य फळीवरील ब्रेकरही पाडला. पेटीचा पडदा काळा झाला. तिने झाकण काढले, मोबाइलवर एक छायाचित्र घेतले आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. इतका वेळ टॉर्च धरून उभे असलेले अण्णा म्हणाले, "बाळ, थोडं थांब. आधी लिहून घेऊ."

"फोटो काढलाय, अण्णा."

"फोटो असू दे. मी लिहितो. तू अक्षर वाच, मी तारेचा रंग बघतो."

अण्णांच्या खिशात कायम एक छोटी वही असे. त्यांनी पानावर दोन रकाने पाडले. डावीकडे खूण, उजवीकडे तार. आर : लाल. डब्ल्यू : तपकिरी. वाय : पिवळी. जी : हिरवी. सी : पांढरी. निळी आणि नारिंगी या दोन तारा मागे गुंडाळलेल्या, कोठेही न लावलेल्या. त्यांनी त्यांचीही नोंद केली आणि खाली तारीख व वेळ घातली. मग औषधाच्या बाटलीवर लावण्याच्या चिकटपट्टीचे तुकडे करून प्रत्येक तारेला तिचे अक्षर लावायचे ठरले. परंतु तेवढ्यात बाळ रडू लागले. सून आत गेली, आणि परत येऊन तिने घाईने तारा सोडवल्या. चिकटपट्टी तशीच राहिली. तारांचा जुडगा भिंतीतील छिद्रातून मागे सरकू नये म्हणून अण्णांनी तो पेन्सिलीला गुंडाळून धरला, एवढे मात्र झाले.

नवी मागची पट्टी भिंतीवर बसली. फोनवर मुलगा सांगू लागला, "लाल आरमध्ये घाल. पांढरी डब्ल्यूमध्ये. पुस्तिकेतल्या चित्रात बघ, तसंच आहे." चित्रात खरोखरच तसे होते. सुनेने पांढरी तार उचलली.

अण्णांनी वही पुढे धरली. "वहीत डब्ल्यूला तपकिरी आहे."

पलीकडून मुलाचा आवाज आला, "अण्णा, तपकिरी नसते डब्ल्यूला. टॉर्चच्या उजेडात लालच तपकिरी दिसली असेल. पांढरी तार डब्ल्यूलाच असते सगळीकडे."

छायाचित्र उघडून पाहिले. फ्लॅशच्या झगमगाटाने खुणांवरील अक्षरे पुसल्यासारखी झाली होती, आणि तारा एकीमागे एक लपलेल्या होत्या. घरातील तापमान आता ५८ वर उतरले होते. आईंनी बाळाला छातीशी घेऊन दोन शाली गुंडाळल्या होत्या. मुलगा इंजिनिअर, घर त्याचे, पुस्तिकाही त्याच्याच बाजूची. अण्णांच्या हाती पेन्सिलीने लिहिलेले एक पान होते, आणि ज्या विषयाचा त्यांना गंधही नव्हता त्या विषयातील ते होते.

ते शांतपणे म्हणाले, "माझं चुकलंही असेल. म्हणून तर दुसऱ्या टोकाशी ताळा करू. हीच तार खाली भट्टीलाही कुठंतरी लागलेली असणार ना?"

गुडघे दुखत असताना ते सुनेच्या मागोमाग तळघराचा जिना उतरले. वीज बंदच होती. फर्नेसचे दार काढल्यावर आत एक हिरवट फळी दिसली आणि तिच्यावर तीच अक्षरे. वायवर आणि सीवर बाहेरच्या गारवा देणाऱ्या यंत्राकडे जाणाऱ्या आणखी दोन तारा होत्या. त्या बाजूला ठेवून सुनेने भिंतीकडून आलेला जुडगाच पाहिला. आरवर लाल. डब्ल्यूवर तपकिरी. सीवर पांढरी. वहीतील पाचही नोंदी जुळल्या.

फोनवर क्षणभर शांतता झाली. मग मुलगा म्हणाला, "अण्णा, बरं झालं थांबवलंत."

कारण पांढरी तार डब्ल्यूमध्ये गेली असती, तर पुढे काय झाले असते हे त्याला त्या क्षणी उमगले होते. पेटीने उष्णता मागताच आर आणि पांढरी तार जुळली असती. परंतु त्या घरात पांढरी तार भट्टीकडे मागणी घेऊन जाणारी नव्हती. ती परतीची होती. वीज मधल्या कोणत्याही यंत्रातून न जाता थेट मागे फिरली असती, म्हणजेच शॉर्ट सर्किट झाले असते. फर्नेसच्या फळीवर मोटारगाडीत असतो तसा तीन किंवा पाच अँपियरचा छोटा फ्यूज बहुधा असतो. तो उडाला असता. तसा फ्यूज नसता, तर ट्रान्सफॉर्मर जळला असता. दोन्ही वस्तू मोठ्या किमतीच्या नाहीत. परंतु बर्फाच्या रात्री त्या मिळणार कोठे? बिघाड एकाचा दोन झाला असता, आणि दुसरा तळघरात लपून राहिल्यामुळे नवी पेटीच सदोष आहे असे वाटत राहिले असते.

पुढचे काम पाव तासाचे होते. वहीतील पानाबरहुकूम तारा लावल्या. प्रत्येक तार हलकेच ओढून घट्ट बसल्याची खात्री केली. न वापरलेल्या निळ्या व नारिंगी तारांची टोके एकमेकींना किंवा इतरांना लागू नयेत म्हणून चिकटपट्टीने झाकली. फर्नेसचे दार दाबून बसवले, ब्रेकर वर केला, खटका चालू केला. नव्या पेटीने भट्टी कोणत्या प्रकारची ते विचारले. गॅसची असे उत्तर दिले. मग आकडा ६८ वर नेला. बारीक 'टिक' झाले. खालून प्रथम धूर बाहेर टाकणाऱ्या छोट्या पंख्याची घरघर आली, मग ज्योत पेटल्याचा दबका आवाज, आणि मिनिटाभरात जमिनीतील जाळीतून उबदार हवा येऊ लागली. आई बाळाला घेऊन त्या जाळीशेजारीच बसल्या.

या प्रसंगातून ज्यांची मुले अशा प्रदेशात आहेत त्यांनी, आणि त्या मुलांनीही, काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, आपली पेटी कोणत्या जातीची आहे ते ओळखावे. वर सांगितलेली रीत केवळ २४ व्होल्टच्या बारीक तारांना लागू आहे. काही अमेरिकी घरांत भिंतीच्या तळाशी विजेवर तापणाऱ्या लांबट पट्ट्या असतात. त्यांच्या थर्मोस्टॅटमध्ये १२० किंवा २४० व्होल्टची वीज थेट येते. तारा जाड असतात आणि त्यांच्या जोडांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. अशा तारा दिसताच झाकण परत लावावे आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. तेथे २४ व्होल्टची पेटी लावणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे. तेथे बॉयलरला जोडलेल्या खोलीतील थर्मोस्टॅटच्या तारांत पुष्कळदा २३० व्होल्टची घरगुती वीजच खेळत असते. तेथील नियमाने तपकिरी तार ही वीज आणणारी आणि निळी ही न्यूट्रल; जुन्या घरांत हेच काम लाल आणि काळी तार करते. परंतु थर्मोस्टॅटकडून बॉयलरकडे परत जाणाऱ्या तारेसाठी निळी तारही वापरलेली आढळते, आणि मग निळ्या तारेतही जिवंत वीज असते. रंगावरून विश्वास ठेवण्याची चूक अमेरिकेत फ्यूजवर निभावते. इंग्लंडमध्ये ती जिवावर बेतू शकते. हे काम तेथे जाणकाराकडूनच करून घ्यावे.

दुसरी गोष्ट, उष्मापंपाची. काही घरांत हिवाळ्यातील ऊब आणि उन्हाळ्यातील गारवा एकाच यंत्रातून येतो. त्याच्या पेटीवर ओ किंवा बी आणि ऑक्स अशा जादा खुणा असतात. तेथे तारा बरोबर लावूनही मांडणीचा पर्याय चुकला, तर ऊब मागताच गार हवा येते. अशा खुणा दिसल्या तर नव्या पेटीच्या पुस्तिकेतील तो भाग पूर्ण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. घर भाड्याचे असल्यास मालकाला विचारल्यावाचून पेटीला हात लावू नये, हे सांगणे न लगे.

तिसरी गोष्ट, पेटी बदलण्याआधी साधी कारणे तपासावीत. अनेक पेट्या पेन्सिल सेलवर चालतात आणि ते संपले की पडदा कोरा होतो. पहिला उपाय सेल बदलणे हाच. त्यानंतर ब्रेकर, खटका, फर्नेसचे दार आणि हवेची जाळी. निम्म्याहून अधिक धास्ती येथेच संपण्याची शक्यता असते.

चौथी गोष्ट, जागेची. पेटी आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असावी. तिच्यावर ऊन, दिव्याची उष्णता किंवा दाराची झुळूक येऊ नये. तारांसाठी भिंतीत पाडलेले छिद्र पुट्टीने बुजवावे. त्यातून भिंतीच्या पोकळीतील गार हवा येत राहिली, तर खोली उबदार असूनही पेटीला ती थंडच वाटते आणि भट्टी उगाच जळत राहते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, भट्टी बंद असताना करावयाच्या वागणुकीची. आपल्याकडील सवयीने कोणी गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून खोली तापवण्याचा विचार करील. दारे-खिडक्या घट्ट मिटलेल्या त्या घरांत हे प्राणघातक ठरू शकते. ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. कोळशाची शेगडी तर घरात कदापि पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र घरात चालू आहे ना, हे आधीच पाहून ठेवावे. सर्वांनी एका खोलीत यावे, दार लावावे आणि विजेचा हीटर असल्यास तो जोडवायर न वापरता थेट भिंतीतील सॉकेटला लावावा, पांघरुणांपासून दूर. पाण्याचे नळ बारीक धारेने सोडून ठेवावेत, म्हणजे पाइपातील पाणी गोठून पाइप फुटण्याचा धोका कमी होतो. घरात तान्हे मूल किंवा वृद्ध असतील आणि रात्रभरात दुरुस्ती होण्याची चिन्हे नसतील, तर संकोच न करता शेजाऱ्यांकडे किंवा परिचितांकडे जावे. गॅसचा वास आल्यास तर कोणतेही बटण न दाबता तत्काळ बाहेर पडावे.

खर्चाच्या दृष्टीनेही या पेटीचा विचार करण्यासारखा आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या सल्ल्यानुसार हिवाळ्यात घरात वावर असताना ६८ फॅरनहाइट, म्हणजे वीस अंश सेल्सिअस, पुरेसे असते. रोज आठ तास तापमान नेहमीपेक्षा सात ते दहा फॅरनहाइट अंशांनी खाली ठेवल्यास वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. मात्र घरात बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर बचतीचा हा हिशेब बाजूला ठेवावा.

त्या घरी मुलगा दोन दिवसांनी परतला. तोपर्यंत अण्णांनी वहीतील पान पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. एक प्रत फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकटवलेली होती आणि दुसरी पेटीच्या पुस्तिकेत होती. कागदावर अक्षर, रंग, दोन मोकळ्या तारा, पेटी बदलल्याची तारीख आणि ब्रेकरचा क्रमांक एवढाच मजकूर होता. मुलाने तो वाचला आणि जेवताना विचारले, "अण्णा, बाकीच्या ब्रेकरवर पण काही लिहिलेलं नाही. कोणता कुठला, मलाही नीट माहीत नाही. करायचं का आपण?"

रविवारची सकाळ त्यात गेली. मुलगा एकेक ब्रेकर पाडी, सून खोल्यांतून फिरून कोणता दिवा विझला ते ओरडून सांगे, आणि अण्णा लिहून घेत. एकोणीस नोंदी झाल्या.

हे काम करण्यासाठी मिनेसोटात असण्याची गरज नाही. आपल्या घरच्या मीटरशेजारील फळीवर कोणता एमसीबी कशाचा, इन्व्हर्टरवर कोणत्या खोल्या आहेत, विहिरीच्या किंवा टाकीच्या मोटरच्या स्टार्टरला कोणती तार कोठे लागली आहे, हे बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस गावाला गेलेला असतो तेव्हाच नेमका अंधार होतो. एखाद्या रिकाम्या दुपारी घरातील वडीलधाऱ्याने आणि लहानग्याने मिळून ही यादी करावी, वीज बंद ठेवून आणि झाकण न उघडता जेवढे कळते तेवढेच लिहावे, खाली तारीख घालावी आणि ती फळीच्या दारावर आतून चिकटवून ठेवावी.